सून तेरा वर्षं थिएटरात गातेय, तरी पर्मनंट कशी नाही?

पत्र:

ताई, माझा मुलगा म्युनिकला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याची बायको जपानी, ऑपेरात गाते, बायकांच्या सगळ्यात उंच पट्टीच्या आवाजात, त्याला सोप्रानो म्हणतात. पोरगी गुणाची आहे, मला आई म्हणते, वरण-भात हाताने जेवते, तक्रार तिच्याबद्दल नाहीच. पण ती राहते जर्मनीच्या पूर्वेकडच्या एका लहान शहरात, तिथल्या सरकारी थिएटरात नोकरी, आणि मुलगा म्युनिकला, ट्रेनने पाच तास लांब. तेरा वर्षं झाली तिला तिथे आणि अजून पर्मनंट नाही! दरवर्षी काँट्रॅक्ट पुढे ढकलतात म्हणे. दिराच्या मुलीच्या लग्नाला येशील का विचारलं तर म्हणाली आत्ता सांगता येणार नाही. नाताळात सगळी जर्मनी सुट्टीवर, ही कामावर. कधीकधी व्हिडिओ कॉलवर नुसती हात हलवून हसते, बोलतच नाही. आणि आता कहर म्हणजे दुसऱ्या एका मोठ्या थिएटरने 'बटरफ्लाय'मधल्या जपानी बाईच्या मेन रोलसाठी विचारलं, पैसे चांगले, तर हिने नाही म्हटलं. जपानी असून जपानी रोल नको? आम्ही गाण्याचे वैरी नाही हो, नाट्यसंगीतावरच वाढलोय. पण म्युनिकला येऊन घरी क्लास घेतले तर काय बिघडेल? मुलगा म्हणतो आई तूच बोल, तुझं ऐकेल ती. बोलू का? मे महिन्यात आम्ही जाणार आहोत, तिचा प्रयोगही बघायचाय. थिएटरात साडी चालते का?

एक सासू, डोंबिवली

उत्तर:

काकू, बोलू नका. निदान यावर्षी आणि पुढच्या वर्षी तरी अजिबात बोलू नका, आणि हे मी सासूने गप्प बसावं वगैरे टाइपचा सल्ला म्हणून सांगत नाहीये, यात एक साधा नोकरीचा हिशोब आहे जो तुमच्या मुलाने तुम्हाला सांगायला हवा होता आणि बहुतेक त्यालाच धड माहीत नाही.

आधी ते पर्मनंटचं घेऊ. जर्मनीत ऐंशीच्या वर गावांत, शहरांत सरकारी पैशावर चालणारी ऑपेराची थिएटरं आहेत, आणि त्यातली बरीचशी अजून जुन्या पद्धतीने गायक पगारावर ठेवतात. आपल्याकडे नाटक कंपन्यांमध्ये पगारी नट असायचे ना, साधारण तसंच, फक्त इथे पीएफ, हेल्थ इन्शुरन्स, उन्हाळ्यात सहाएक आठवडे सुट्टी, सगळं कायद्याने. पण काँट्रॅक्ट असतं एका सीझनचं, आणि थिएटरने ठरलेल्या तारखेच्या आत लेखी कळवलं नाही तर ते आपोआप वर्षभर वाढतं. म्हणजे तुमच्या सुनेचं काँट्रॅक्ट दरवर्षी कोणी मेहरबानी म्हणून पुढे ढकलत नाहीये. दरवर्षी तिला काढायची संधी थिएटरला होती आणि तेरा वेळा त्यांनी काढलं नाही. नवा डायरेक्टर आला की तो आपली माणसं आणतो आणि जुन्यांना पत्रं जातात, हा तिकडचा नेहमीचा प्रकार आहे, त्यामुळे तेरा वर्षं टिकणं म्हणजे बाईने बहुतेक एकदोन डायरेक्टर तरी पचवले असणार.

आणि आता मुद्द्याचं. त्यांच्या करारात आजवर चालत आलेला नियम असा की एकाच थिएटरात पंधरा वर्षं उलटली की माणसाला असं वर्षाच्या बोलीवर काढता येत नाही, फार तर कामाच्या अटी बदलता येतात. मग थिएटरं काय करतात? बरोबर ओळखलंत. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास त्यांना एकदम फ्रेश आवाज हवेसे वाटायला लागतात. तुमच्या सुनेची तेरा झालीत. म्हणजे ती आत्ता नेमकी त्या दाराशी उभी आहे, आणि तुम्ही मायलेक मिळून तिला म्हणणार की सोड आणि ये क्लास काढ? काकू, तुम्ही स्वतः नोकरी केली असेल किंवा घरातल्या कोणीतरी केली असेल, पेन्शनला दोन वर्षं राहिली असताना राजीनामा द्या असं कोणी सांगितलं असतं तर तुम्ही त्याला चहा तरी विचारला असता का?

काढतीलही, मी नाही म्हणत नाही. पण काढायचं असेल तर त्याआधी थिएटरला तिला बोलावून तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि इतकी वर्षं झालेल्या माणसाला बरंच आधी कळवावं लागतं, आदल्या सीझनच्या जुलैअखेरीपर्यंत. तिकडच्या रंगकर्मींची एक जुनी युनियन आहे, १८७१ पासूनची, जीडीबीए म्हणतात, सून तिची मेंबर आहे का एवढं मुलाला विचारायला सांगा. नसेल तर व्हायला सांगा. घरच्यांनी या घडीला करण्यासारखी हीच मदत आहे. आणि समजा पत्र आलंच, तर त्या दिवशी "बघ, आम्ही म्हणत होतो" हे वाक्य तुमच्या घरातून जाता कामा नये.

आता लग्नाला येते की नाही ते सांगत नाही, याबद्दल. अहो ती नखरे करत नाहीये. त्या थिएटरांत रिहर्सल सकाळी दहा ते दोन आणि परत संध्याकाळी सहा ते दहा अशी असते, मधे चार तास रिकामे, आणि उद्याचं पक्कं शेड्यूल आज दुपारी दोनच्या सुमाराला लागतं. उद्याचं आज कळतं! वर आणखी, सीझन चालू असताना शहराबाहेर जायचं तर आधी थिएटरची परवानगी घ्यावी लागते, कारण कोणी आजारी पडलं तर हिला उभं राहावं लागू शकतं. तुम्ही लग्नाची तारीख वर्षभर आधी कळवलीत तर ती सुट्टीचा अर्ज टाकू शकेल, आपल्याकडे हॉल मिळाल्यावर तारीख ठरते त्यामुळे अवघड आहे, पण प्रयत्न करून बघा. नाताळाचं तर सोडूनच द्या. त्या महिन्यात जर्मनीतली गावंच्या गावं पोराबाळांना घेऊन 'हेन्झल उंड ग्रेटल' हा परीकथेवरचा ऑपेरा बघायला येतात, तो १८९३ च्या नाताळात जर्मनीतल्याच वायमारला पहिल्यांदा झाला आणि तेव्हापासून ती परंपराच पडली, आणि एकतीस डिसेंबरला ऑपरेटा, म्हणजे हलकाफुलका ऑपेरा, असतो, मग गायकाला कसली सुट्टी. आणि कॉलवर हात हलवून हसते ती बहुतेक प्रयोगाच्या दिवशी. त्या दिवशी गायक आवाज राखतात, बोलण्यानेही गळा थकतो, माइक नसतो हो त्यांना, साठ-सत्तर वाद्यांच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याने पोचायचं असतं. तरी कॉल उचलते ना? मी म्हणेन की तुमची सून भारी आहे.

तुम्ही विचाराल की मग ती जपानलाच का नाही गात, घरच्या जवळ. तिकडे संगीत शिकवणारी कॉलेजं एक नंबर आहेत, टोकियोत १९९७ पासून ऑपेरासाठी मोठं नॅशनल थिएटरही आहे, पण सोलो गाणाऱ्यांना महिन्याच्या पगारावर ठेवणारी अशी गावोगावची थिएटरं नाहीत. मोठ्या रोलला बऱ्याचदा बाहेरचे पाहुणे येतात, आणि तिथल्या गायकांच्या गळ्यात प्रयोगाची तिकिटं खपवायचा कोटाही पडतो, आपल्याकडच्या हौशी नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून इतकी जपानी आणि कोरियन मुलं-मुली जर्मनीत ऑडिशन देत फिरताना दिसतात. नोकरी जर्मनीत आहे.

आता बटरफ्लाय. यावर मला जरा जास्त बोलायचंय.

पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचा हा ऑपेरा १९०४ साली मिलानच्या ला स्काला या थिएटरात आला, पहिल्या रात्री जोरात आपटला, त्याने दुरुस्त्या केल्या आणि तीन महिन्यांनी ब्रेशिया या दुसऱ्या इटालियन शहरात चालला. गोष्ट नागासाकीची, पंधरा वर्षांची गेशा, अमेरिकन नेव्हीवाला लग्न करतो आणि सोडून जातो, शेवटी ती जीव देते. १९१५ मध्ये लंडनला हा रोल पहिल्यांदा एका खऱ्या जपानी बाईने गायला आणि जगभर नाव झालं, ती तामाकी मिउरा. हिची गोष्ट तुम्हाला आवडेल. १८८४ चा जन्म, टोकियोत सायकलवरून संगीत शाळेत जायची म्हणून लोक रस्त्यात थांबून बघायचे. १९०३ मध्ये विद्यार्थ्यांनी ग्लुक या संगीतकाराचा 'ऑर्फिअस' हा ऑपेरा केला त्यात ही हिरॉइन. पहिला नवरा मिलिटरीत डॉक्टर, त्याला घर सांभाळणारी बायको हवी होती, हिला गाणं सोडायचं नव्हतं, १९०९ मध्ये घटस्फोट झाला आणि पेपरवाल्यांनी तिखटमीठ लावून छापलं. दुसरा नवराही डॉक्टरच, पण त्याच्याबरोबर ही १९१४ मध्ये जर्मनीला शिकायला गेली. पोचतात तोच महायुद्ध, जपान झाला जर्मनीचा शत्रू, गाशा गुंडाळून लंडन, आणि तिथे ही बटरफ्लाय. त्याच वर्षी अमेरिका. (त्या साली आपल्याकडे बालगंधर्व ऐन भरात होते आणि स्टेजवरची बाई म्हणजे पुरुषच, जपानच्या काबुकीतही तेच, त्यामुळे बाईने स्टेजवर जाण्याबद्दल नाकं मुरडण्यात दोन्हीकडचे लोक सारखेच होते.)

खुद्द पुच्चिनीने तिचं कौतुक केलं, आणि पुढची वीस वर्षं ती परदेशात हाच रोल गात राहिली, दोन हजार प्रयोगांचा आकडा तिच्या नावावर सांगतात. नागासाकीच्या ग्लोव्हर गार्डनमध्ये तिचा पुतळा आहे. पण बाकी तिला काय गायला दिलं ते बघा. मास्कान्यी या संगीतकाराचा 'इरिस', नायिका जपानी. शिकागोला मेसाजेचा 'मादाम क्रिझांतेम', नायिका जपानी. १९२५ मध्ये एका इटालियन संगीतकाराने खास हिच्यासाठी नवा ऑपेरा लिहिला, त्याचं नाव 'नामिको-सान', आता नायिका कुठली ते मी सांगायला नको. पंचवीस वर्षांच्या तालमीचा गळा आणि जगाने तिला किमोनोतून फारसं बाहेरच येऊ दिलं नाही. युद्ध संपल्यावर, मरणाच्या आधीच्या काही महिन्यांत, ती टोकियोत शुबर्ट या संगीतकाराची गाणी गायली, पियानोच्या बाजूला उभी राहून, साठी ओलांडलेली, तब्येत खालावलेली. १९४६ मध्ये गेली. मला तिच्या दोन हजार बटरफ्लायपेक्षा हे शुबर्ट ऐकायला जास्त आवडलं असतं.

नंतरच्यांचंही थोडंफार तेच. यासुको हायाशी १९७२ मध्ये ला स्कालात उभी राहिली ती बटरफ्लाय म्हणूनच. हिरोमी ओमुरा सिडनीला २०१४ मध्ये बंदरातल्या त्या पाण्यावरच्या स्टेजवर गायली, रोल तोच. मी हे वाईट म्हणत नाहीये, या बायकांनी तो रोल सोनं करून दाखवला आणि दार त्यानेच उघडलं. पण उघडलेल्या दारातून पुढे जायचं तर थिएटरवाल्यांच्या डोक्यात "जपानी सोप्रानो म्हणजे बटरफ्लाय, फार तर पुच्चिनीच्याच चीनमध्ये घडणाऱ्या 'तुरांदोत'मधली लिऊ" असं एकदा बसलं की मग मोझार्टसाठी तुमचं नावच निघत नाही. गंमत म्हणजे उलट्या बाजूला अशी काही अट नाही, बटरफ्लाय आजही जगभर गोऱ्या बायका सर्रास गातात. म्हणजे जपानी असणं लागतंच असं नाही, पण जपानी असलीस तर तेवढंच कर. तुमच्या सुनेने लहान गावातल्या थिएटरात राहून तेरा वर्षांत काय काय गायलंय याची यादी मागवा एकदा मुलाकडून. मला खात्री आहे मोझार्ट, पुच्चिनी, ऑपरेटा, लहान मुलांचे प्रयोग, सगळं असेल, कारण पगारी गायकाला थिएटरला लागेल ते गावं लागतं, आणि तिथे तिचा चेहरा कुठला हे लोक दुसऱ्या सीझनला विसरून जातात. हे मोठ्या शहरात पाहुणी म्हणून मिळत नाही.

शिवाय गळ्याचं कारण वेगळंच असू शकतं. बटरफ्लाय म्हणजे पहिल्या अंकात एकदा एंट्री झाली की ती बाई जवळजवळ शेवटपर्यंत स्टेजवर असते आणि गातच असते, खाली ऑर्केस्ट्रा दणदणीत. हलक्या, गोड जातीच्या आवाजाने तो रोल चुकीच्या वेळी घेतला तर गळा कायमचा रुंद आणि थरथरता होऊ शकतो, जर्मनीत यासाठी आवाजाच्या जातीच ठरलेल्या आहेत आणि रोल त्या त्या जातीला वाटलेले असतात. आणि तिसरं अगदी बोअरिंग कारण, कदाचित तिच्या थिएटरने सोडलंच नसेल, बाहेर गायला जायचं तर तिथेही परवानगी लागते. यातलं तिचं कारण कोणतं मला कसं कळणार. तुम्हालाही कळलेलं नाही, कारण तुम्ही मुलाकडून ऐकलंय. मे मध्ये भेटाल तेव्हा तिलाच विचारा, फक्त "का नाही म्हणालीस" असं नको, "तुला कुठला रोल गायचाय" असं विचारा, मग बघा किती वेळ बोलते ती.

आता तुमच्या चिरंजीवांकडे वळू. "आई तूच बोल, तुझं ऐकेल ती." वा. हा मुलगा म्युनिकला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, लॅपटॉप उघडला की ऑफिस, आणि पाच तासांच्या अंतरावर बदलायचं कोणी तर जिची नोकरी संपूर्ण जर्मनीत त्या एका इमारतीत आहे तिने? त्याने कंपनीत कधी विचारलंय का, की आठवड्याचे तीन दिवस बायकोच्या गावातून काम करू का? लहान शहरात भाडं म्युनिकच्या निम्म्यालाही येणार नाही बहुतेक. मला वाटतं त्याला एकटेपणा आलाय, जेवायला घरी कोणी नसतं, रविवारी प्रयोग असतो, आणि ते तिला सरळ सांगायची हिंमत होत नाही म्हणून तो तुमच्या तोंडून पर्मनंट आणि क्लास हे शब्द काढतोय. वाईट नाहीये पोरगा, पण तुम्ही त्याचा निरोप्या होऊ नका. त्याला म्हणा, तू बोल, आणि नोकरी सोड असं नाही, मला करमत नाही असं बोल. ते ऐकून घेणारी दिसतेय ती.

क्लासचं म्हणाल तर ते वाईट काम नाही, पुढे मागे ती शिकवेलच, बरेच जण शिकवतात. पण स्टेजवर असलेल्या गायिकेकडे विद्यार्थी येतात आणि स्टेज सोडून म्युनिकच्या फ्लॅटमध्ये बसलेलीकडे कमी येतात, त्या शहरात गाणं शिकवणारे काय कमी आहेत का. म्युनिकमध्येच यायचं असेल तर दुसरे रस्ते आहेत. बव्हेरियन स्टेट ऑपेरा आहे, गेर्टनरप्लाट्झ थिएटर आहे, रेडिओचा कोरस, म्हणजे समूहगायकांचा ताफा, आहे, आणि कोरसची नोकरी सोलोपेक्षा बरीच सुरक्षित असते, चाळिशीच्या आसपास काही जण विचार करून तिकडे वळतात. एरी नाकामुराचं नाव गूगल करा, जपानी सोप्रानो, २०१० ते २०१६ म्युनिकच्या स्टेट ऑपेरात पगारावर होती, त्याआधी लंडनच्या कोव्हेंट गार्डन या ऑपेरा थिएटरात शिकाऊ असताना २००९ मध्ये अॅना नेट्रेब्को ही प्रसिद्ध सोप्रानो आजारी पडली आणि ज्युलिएटचा रोल हिने ऐनवेळी गायला. असं ऐनवेळी उभं राहता यावं म्हणूनच ते शहर न सोडण्याचे नियम असतात बरं का. पण हे रस्ते तिने शोधायचे, आणि शोधायचे तरी ही दोन वर्षं तिकडे नोकरीवर राहूनच. नोकरी हातात असलेल्या माणसाची ऑडिशन वेगळी होते.

मे मधल्या प्रयोगाचं. साडी चालते का काय विचारता, मस्त सिल्कची नेसा. लहान गावात लोक आता जीन्सवर पण येतात, तुम्हीच सगळ्यात नटलेल्या दिसाल, दिसू दे. तिकिटं विकत घेऊ नका आधी, तिला विचारा, घरच्यांसाठी बहुतेक काही सोय असते. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी बसा, एकदा दार बंद झालं की मधल्या सुट्टीपर्यंत आत सोडत नाहीत. नाट्यसंगीताच्या सवयीने मधेच "वा" निघेल तोंडातून, इथे गाणं पूर्ण संपेपर्यंत कळ काढा, मग टाळ्या हव्या तेवढ्या, आणि वन्समोअर मागू नका, देत नाहीत. जाण्याआधी गोष्ट वाचून जा, वर पट्टीवर जर्मन भाषांतर येतं त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी तिला जेवणाचा आग्रह करू नका, कॉफीला बाहेर चल म्हणू नका, फोन करू नका. रात्री साडेदहाला ती मेकअप उतरवून मागच्या दाराने बाहेर येईल, तोवर त्या गावातली सगळी हॉटेलं बंद झालेली असतात आणि गायकांना प्रयोगानंतर भूक मरणाची लागते. पोळीभाजी करून ठेवा, तिखट बेताने.